बाटलीतला पुदिना

मटकी भिजवायची, उपसून फडक्यात गच्च बांधायची आणि पातेल्यात झाकून ठेवायची. सकाळी गाठ सोडली की पांढरे, वाकडे मोड फडक्याच्या विणीतून बाहेर डोकावत असतात. मराठी घरातल्या मुलांनी हे शाळेत जायच्या आधीच पाहिलेलं असतं. बी रुजायला माती लागत नाही, हे त्यांना उसळीच्या पातेल्यानेच शिकवलेलं असतं. तरीही तिसरी-चौथीच्या वर्गात ‘झाड काय खातं?’ असं विचारलं की हमखास येणारं उत्तर म्हणजे ‘माती’. कुणी त्यात पाण्याची भर घालतं, कुणी खताची. हवेचं नाव मात्र क्वचितच निघतं.

हे उत्तर केवळ लहान मुलांचं नाही. अमेरिकेत १९९७ मध्ये ‘माइंड्स ऑफ अवर ओन’ नावाची माहितीपटांची मालिका निघाली. तिच्यात हार्वर्ड आणि एमआयटी या विद्यापीठांतल्या ताज्या पदवीधरांसमोर एक बी आणि लाकडाचा एक ओंडका ठेवून प्रश्न विचारला होता : एवढ्याशा बीपासून एवढं लाकूड होतं, तर हे वजन येतं कुठून? अनेकांनी माती, पाणी, मातीतली खनिजं अशीच उत्तरं दिली. लाकडाचं वजन बहुतांशी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून येतं, हे सांगितल्यावरही त्यांना ते पटायला जड गेलं. प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या त्यांना नक्कीच पाठ असणार. पण ती व्याख्या आणि समोरचा ओंडका यांची गाठ कधी पडलेली नव्हती.

मातीशिवाय रोप वाढवून दाखवण्याचा खरा उपयोग इथे आहे. हायड्रोपोनिक्स म्हटलं की डोळ्यांसमोर पांढरे पाइप, जांभळे दिवे आणि महागडी सॅलडची पानं येतात. प्राथमिक शाळेला त्यातलं काही लागत नाही. लागते ती बाजारातली पुदिन्याची एक जुडी, काही रिकाम्या बाटल्या आणि दोन महिने धीर.

पुदिनाच का? कारण या प्रश्नाच्या इतिहासात पुदिन्याला मानाचं स्थान आहे.

झाडाचं वजन कुठून येतं, हे तोलून पाहिल्याची सर्वांत प्रसिद्ध नोंद यान बाप्टिस्ट व्हॅन हेलमाँट या फ्लेमिश संशोधकाची. त्याने एका मोठ्या कुंडीत वाळवलेली २०० पौंड माती भरली आणि तिच्यात विलोचं, म्हणजे आपल्याकडच्या वाळुंजाच्या जातकुळीतलं, ५ पौंडांचं रोप लावलं. वरून धूळ पडू नये म्हणून कुंडीवर भोकाभोकांचं पत्र्याचं झाकण ठेवलं. पाच वर्षं फक्त पाणी घातलं. शेवटी झाड उपटून तोललं तेव्हा ते १६९ पौंडांहून थोडं अधिक भरलं. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती जेमतेम दोन औंस कमी झाली होती. हेलमाँटने निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासूनच बनतं. त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ मध्ये, हे लिखाण प्रसिद्ध झालं.

इंग्लंडमधल्या जॉन वुडवर्डला हे पटलं नाही. त्याने १६९१ मध्ये पुदिन्याची रोपं घेतली आणि काचेच्या बाटल्यांत वाढवली. एका बाटलीत झऱ्याचं पाणी, एकीत पावसाचं, एकीत थेम्स नदीचं. ७७ दिवसांनी त्याने रोपं तोलली. झऱ्याच्या पाण्यातलं रोप १५ ग्रेन वाढलं होतं, पावसाच्या पाण्यातलं साडेसतरा, तर थेम्सच्या पाण्यातलं २६. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. पुढच्या वर्षी त्याने पाण्यात बागेतली माती कालवूनही पाहिलं. पाणी जितकं ‘मळकं’, तितका पुदिना जोमदार. वुडवर्डने १६९९ मध्ये हे प्रसिद्ध केलं आणि म्हटलं की झाड पाण्यापासून बनत नाही, तर पाण्यात मिसळलेल्या पार्थिव अंशापासून बनतं.

दोघांचंही थोडं खरं होतं, थोडं चुकलं होतं. हवेचा वाटा लक्षात यायला आणखी शंभर वर्षं जावी लागली. जिनिव्हाच्या निकोला थिओडोर द सोस्यूर याने १८०४ मध्ये मोजमापं करून दाखवलं की झाडाच्या वाढीत हवेतला कार्बन आणि पाणी या दोहोंचा हिशेब धरावा लागतो. आज आपल्याला माहीत आहे की वाळलेल्या रोपाच्या वजनातला सुमारे ९५ टक्के भाग कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन या तीन मूलद्रव्यांचा असतो आणि ही तिन्ही हवापाण्यातून येतात. उरलेल्या थोडक्या भागात नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक, लोह यांच्यासारखी १४ मूलद्रव्यं असतात. ती एरवी मातीतून मिळतात. माती काढून टाकायची असेल, तर एवढीच पाण्यात विरघळवून द्यायची. हायड्रोपोनिक्सचं सगळं शास्त्र या एका वाक्यात मावतं.

चौथीतलं मूल जेव्हा ‘झाड माती खातं’ किंवा ‘पाणी पितं आणि मोठं होतं’ असं म्हणतं, तेव्हा ते वुडवर्डच्या किंवा हेलमाँटच्या शेजारी उभं असतं. त्याला ‘चूक’ म्हणून खाली बसवण्यापेक्षा त्याच्या हातात पुदिन्याची काडी द्यावी.

काडी निवडतानाच धडा सुरू होतो. जुडीतली ताठ, बोटभर लांब काडी घ्यायची. पानं जिथून फुटतात त्या पेराच्या किंचित खाली ती कापायची. खालच्या दोन पेरांवरची पानं खुडून टाकायची आणि ती उघडी पेरं बुडतील एवढं पाणी काचेच्या बाटलीत ठेवायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी पेरापाशी पांढरे ठिपके दिसू लागतात. आठवड्याभरात त्यांचे दोऱ्यासारखे धागे होतात. मूळ पेरातूनच का फुटतं, मधल्या गुळगुळीत दांड्यातून सहसा का नाही, हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. उसाची कांडी लावताना डोळा का पाहतात, हे शेतकऱ्याच्या घरातलं मूल अशा वेळी वर्गाला सांगू शकतं.

मुळं फुटली की वुडवर्डचा प्रयोग नव्याने मांडता येतो. पाच सारख्या बाटल्या, पाच सारख्या काड्या. पहिल्या बाटलीत पावसाचं किंवा आरओचं पाणी, दुसरीत नळाचं, तिसरीत बागेतली माती ढवळून गाळून घेतलेलं, चौथीत खत विरघळवलेलं. पाचवीतही खताचंच पाणी, पण ही बाटली कपाटात, अंधारात. बाटल्या सारख्या, काड्यांची लांबी सारखी, पाण्याची पातळी सारखी, फरक मात्र एकेकच. ‘एका वेळी एकच गोष्ट बदलायची’ हा विज्ञानातला फार मोठा नियम आठ वर्षांच्या मुलालाही सहज समजतो, कारण खेळात कुणी जास्त पुढून धावायला सुरुवात केली की तेच मूल सर्वांत आधी ओरडतं.

रोजची उंची मोजायला पट्टी हवी, पण आकड्यांत रमायचं वय नसेल तर एक सोपा उपाय आहे. काडीच्या उंचीएवढी रंगीत कागदाची पट्टी कापायची आणि तारीख लिहून फळ्याशेजारी चिकटवायची. पंधरा दिवसांत पट्ट्यांचा जिना तयार होतो. दुसरीतल्या मुलांनी नकळत स्तंभालेख काढलेला असतो. पाचवीतली मुलं स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर काडी टिपकागदाने पुसून तोलू शकतात आणि वुडवर्डच्या आकड्यांशी आपले आकडे ताडून पाहू शकतात.

अंधारातली बाटली सर्वांत जास्त बोलकी ठरते. खत तेच, पाणी तेच, तरी काडी पिवळट, लांबट आणि मलूल. नवरात्रातले घट ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा रंग ओळखीचा असतो. देवघराच्या कोपऱ्यात, प्रकाशापासून दूर वाढलेलं घटातलं धान असंच फिकट पिवळं असतं. नऊ दिवस ते तगतं ते दाण्यात साठवलेल्या शिदोरीवर. ती संपली की पुढचं अन्न पानाला स्वतः करावं लागतं आणि त्यासाठी प्रकाश हवा. ‘खत म्हणजे झाडाचं जेवण’ हा समजही इथेच ढासळतो. जेवण पानात शिजतं. खत म्हणजे त्यातलं मीठ-मसाल्याएवढं, पण नसलं तर अडून बसणारं सामान.

पुढची पायरी वातीच्या बाटलीची. लिटरभराची प्लॅस्टिकची बाटली वरच्या एक तृतीयांशावर शिक्षकांनी कापून द्यायची. वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा खालच्या भागात बसवायचा. झाकणाला भोक पाडून त्यातून पायजम्याची जुनी नाडी ओवायची. नरसाळ्यात ओलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा धुतलेला भुसा, भरायचा आणि त्यात पालक किंवा मेथी पेरायची. नाडीचं खालचं टोक खताच्या पाण्यात लोंबतं आणि पाणी आपोआप वर चढतं. ते कसं चढतं, हे समजवायला समई पुरे. वातीतून तेल ज्या गुणाने ज्योतीपर्यंत पोचतं, त्याच गुणाने इथे पाणी मुळांपर्यंत पोचतं. शनिवार-रविवार शाळा बंद असली तरी रोप सुकत नाही.

खत कोणतं, हा शिक्षकांचा पहिला प्रश्न असतो. ठिबकवाल्या शेतकऱ्यांकडे १९:१९:१९ हे विद्राव्य खत असतं. त्यात नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असतात. पाच लिटर पाण्याला चहाचा एक सपाट चमचा पालेभाजीच्या रोपांना पुरतो. या खतात कॅल्शियम नसतं. पण विहिरीचं किंवा बोअरचं पाणी जड असेल तर त्यात ते मुळातच असतं, त्यामुळे महिनाभराच्या पालकाचं सहसा अडत नाही. कॅल्शियम नायट्रेट वेगळं घालायचं असेल तर एक पथ्य पाळावं लागतं : घट्ट द्रावणं एकत्र करायची नाहीत. कॅल्शियम नायट्रेटचं घट्ट द्रावण मॅग्नेशियम सल्फेटच्या घट्ट द्रावणात ओतलं की ग्लासात पांढरा ढग उतरतो. ते असतं जिप्सम. ते तळाशी बसलं की मुळांच्या उपयोगाचं राहत नाही. म्हणूनच हायड्रोपोनिक्सवाले ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्या ठेवतात. शिक्षकांनी एकदा हे करून दाखवलं तर विरघळणं आणि साका बसणं हे दोन्ही एकाच ग्लासात दिसतं.

काळजी दोन-तीन गोष्टींची. खताचं पाणी थंड पेयाच्या बाटलीत असतं आणि मुलांना तहान लागते. त्यामुळे प्रत्येक बाटलीवर ठळक अक्षरांत ‘पिण्याचं पाणी नाही’ अशी चिठ्ठी हवी. खत शिक्षकांनीच मिसळावं, मुलांनी नंतर हात धुवावेत. दुसरी गोष्ट डासांची. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतं, ते यासाठीच. बाटल्यांची तोंडं कापसाने किंवा मच्छरदाणीच्या तुकड्याने बंद ठेवून आठवड्याला पाणी बदललं, तर विज्ञानाच्या तासातच आरोग्याचा धडाही होऊन जातो. दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रयोग सुरू केला तर डासही कमी असतात आणि पालक-कोथिंबिरीला थंडी मानवते.

तिसरी अडचण हिरवी असते. पारदर्शक बाटलीत ऊन आणि खत दोन्ही मिळाल्याने शेवाळं धरतं. उपाय सोपा : बाटलीला काळा कागद गुंडाळा किंवा जुना मोजा चढवा. मोजा खाली सरकवून मुळं पाहायची आणि परत वर ओढायचा. मुलांना हा भाग सर्वांत आवडतो, कारण एरवी झाडाचा हा अर्धा भाग कधी दिसतच नाही.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, हेही इथे कळतं. बाटली काठोकाठ भरलेली ठेवली तर मुळं तपकिरी पडून कुजू लागतात. हवाई विद्यापीठाचे बर्नार्ड क्रॅटकी यांनी यावर पंपाशिवायची युक्ती रूढ केली. पाणी सुरुवातीला एकदाच भरायचं. रोप ते पीत जाईल तशी पातळी उतरते आणि मधल्या मोकळ्या जागेत वरची मुळं हवा घेतात, खालची पाणी. कोकणातल्या वर्गात यावर लगेच प्रश्न येऊ शकतो : मग भात पाण्यात उभा राहून कसा जगतो? उत्तर भाताच्या पेंढ्यात आहे. भाताच्या दांड्यात आणि मुळांत हवेच्या पोकळ नळ्या असतात, त्यांतून पानांकडची हवा चिखलातल्या मुळांपर्यंत उतरते. पालकाला ही सोय नाही.

वर्गातल्या या बाटलीचे नातेवाईक जगभर पसरले आहेत. जर्मनीत युलियस फॉन झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी १८६० च्या सुमारास क्षारांच्या द्रावणात रोपं वाढवण्याची पद्धत बसवली. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये विल्यम गेरिक यांनी १९२९ पासून ती प्रयोगशाळेबाहेर आणली आणि २५ फुटांचे टोमॅटोचे वेल वाढवले. ‘हायड्रोपोनिक्स’ हा शब्द त्यांनी १९३७ मध्ये रूढ केला. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकमधल्या असेन्शन या खडकाळ बेटावर अमेरिकी सैन्याने खडीत भाज्या पिकवल्या. भारतात १९४६ मध्ये जेम्स शोल्टो डग्लस यांनी कालिंपाँग भागात महागडी यंत्रं टाळून वाळू-खडीत कोरडे क्षार देण्याची पद्धत तयार केली. ती ‘बेंगॉल सिस्टिम’ म्हणून ओळखली गेली आणि त्यांचं पुस्तक १९५१ मध्ये आलं.

आपल्याकडचे धागे तर आणखी जवळचे. मुंबईच्या बाजारात छोट्या जुड्यांत, लांब पांढऱ्या मुळांसकट मिळणारी समुद्रमेथी किनाऱ्यालगतच्या वाळूत वाढते आणि ती कोवळी असतानाच उपटतात. दुष्काळात मराठवाड्यातल्या गोठ्यांपाशी ट्रेमध्ये मक्याचा हायड्रोपोनिक चारा दिसू लागला. गोव्यात जुने गोवे इथल्या भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थेने या चाऱ्यावर सविस्तर काम केलं. भिजवलेला मका ट्रेमध्ये पसरून पाणी शिंपडत राहिलं की आठवड्याभरात हिरव्या गादीसारखा चारा तयार होतो. एक किलो मक्यापासून पाच-सहा किलो. पण वरच्या वर्गांना इथे एक गणित घालता येतं. तो चारा पूर्ण वाळवून तोलला तर वजन मूळ मक्यापेक्षा थोडं कमीच भरतं, कारण वाढलेलं वजन पाण्याचं असतं आणि दाण्यातलं काही अन्न उगवताना खर्ची पडलेलं असतं. वाटीभर मटकीवर हा प्रयोग वर्गातही होतो.

अंतराळात तर मातीचा प्रश्नच निकराचा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर वाढवलेली लेट्यूसची लाल पानं अंतराळवीरांनी ऑगस्ट २०१५ मध्ये खाल्ली. इस्रोने ३० डिसेंबर २०२४ रोजी सोडलेल्या मोहिमेत चवळीचे आठ दाणे पाठवले आणि ते चार दिवसांत अंकुरले. जून-जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांनी स्थानकावर मेथी आणि मूग रुजवले. मेथी, मूग, चवळी. वर्गातल्या मुलांच्या डब्यातलीच नावं.

मग माती नकोच का? उलट हा प्रयोग मातीची किंमत पहिल्यांदा नीट मोजायला लावतो. बाटलीत जे जे हाताने करावं लागलं, ते ते माती न सांगता करते. ती पाणी धरून ठेवते, कणांमधल्या पोकळीत हवा ठेवते, क्षार थोडेथोडे सोडते, रोपाला उभं धरते आणि आम्लपणाचे चढउतार सावरते. अमेरिकेतल्या ॲरिझोनातल्या लेट्यूसच्या शेतीवर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हायड्रोपोनिक्सला जमिनीवरच्या शेतीच्या सुमारे तेराव्या हिश्श्याएवढंच पाणी लागेल, पण ऊर्जा सुमारे ८२ पट लागेल असा हिशेब निघाला. दोन्ही आकडे मुलांपुढे एकत्र ठेवले पाहिजेत. पाणी वाचतं तिथे वीज किती लागते, हा प्रश्न विचारायची सवय याच वयात लागते.

बाटली आणि माती यांची तुलना करायला शाळांना दुसरीकडे जायला नको. केंद्र सरकारने २०१९ मध्ये शाळांतल्या पोषण परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि महाराष्ट्रातल्या अनेक जिल्हा परिषद शाळांत आज परसबागा आहेत. खिडकीतली बाटली आणि आवारातला वाफा यांत एकाच दिवशी पालक पेरला, तर तुलना रोज डोळ्यांसमोर राहते. पहिले काही दिवस दोन्हीकडे सारखीच उगवण दिसते. नंतर कुठला पालक पुढे जातो, कुठे किडे येतात, कुठे गांडुळं सापडतात, रविवारी कुठलं रोप कोमेजतं, हे मुलंच सांगू लागतात.

दोन महिन्यांनी बाटल्यांतला पुदिना मुळांनी गच्च भरतो आणि त्याला वाफ्यात हलवायची वेळ येते. पाण्यात वाढलेली मुळं नाजूक असतात, ओढली की तुटतात. म्हणून संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, भरपूर पाणी घालून ती लावायची आणि दोन दिवस सावली करायची. काही काड्या माना टाकतात, बहुतेक चौथ्या दिवशी पुन्हा ताठ होतात. वह्यांमधला तक्ता तोच राहतो : तारीख, उंची, पानांची संख्या. फक्त शेवटच्या रकान्याचं नाव मुलांना बदलावं लागतं. ‘पाणी किती उरलं?’ हे खोडून तिथे लिहायचं असतं, ‘माती ओली आहे का?’